भेंडी परदेशी निघते तेव्हा

आमच्या कोल्डरूममध्ये भेंडी आठवड्याच्या वर टिकत नाही. किस्से मात्र वर्षानुवर्षं टिकतात, आणि त्यांना वीजही लागत नाही. वागळे इस्टेटमध्ये भाजी एक्सपोर्ट करणारं आमचं छोटं पॅकहाउस आहे. मी तिथली कागदपत्रं बघतो. मालक राणेसाहेब, मूळचे कोकणातले. माल निवडायचं खातं सुनंदाताई कांबळेंच्या हाताखाली. आणि भेंडी येते मुरबाडकडच्या भोईरकाकांच्या पाड्यावरून. आमचे बहुतेक किस्से या तिघांचेच.

*

भेंडी बोटाएवढी हवी, सरळ हवी, कोवळी हवी, अशी परदेशातल्या खरेदीदारांची अट. सुनंदाताई शंका आली की भेंडी पट्टीला लावून बघतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा काका पट्टीवर वाकले. मग हळूच म्हणाले, "ताई, तिकडं भेंडी खातात, का पोलिसात भरती करतात?"

"खाणारे आपलेच आहेत काका. इथून तिकडे गेलेले."

काकांनी एक वाकडी भेंडी उचलली. "इथं होते तवा वाकडीच खायचे ना?"



*

वाकडी भेंडी कल्याणच्या मार्केटला जाते. एकदा डोंबिवलीत माझ्याच बिल्डिंगखाली भाजीवाल्याने पाटी लावलेली, 'एक्सपोर्ट क्वालिटी'. भाव चढा. शेजारी क्रेट आमचाच! म्हटलं, "अरे, हा तर आम्ही रिजेक्ट केलेला माल."

तो थंडपणे म्हणाला, "साहेब, रिजेक्ट व्हायला आधी एक्सपोर्टला जावं लागतं. साध्या भेंडीला कोण रिजेक्ट करतंय?"

मी अर्धा किलो घेतली. बायको म्हणाली, रोज हीच आणत जा.

*

मध्यंतरी राणेसाहेबांनी कांद्यात हात घातला. नाशिकहून बंदराकडे निघालेला ट्रक शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकला, आणि तिथे उभा असतानाच निर्यातबंदीची बातमी मोबाइलवर आली. ट्रक तसाच मागे फिरवला. साहेब डोकं धरून बसलेले, आणि समोर काका.

"म्हंजे सकाळी परदेशी निघालेला कांदा दुपारी देशी झाला?"

"झाला."

"मग ज्यानं पिकवला त्याला आधी कोणी विचारलं का?"

"काका, मलाच कोणी विचारलं नाही," साहेब म्हणाले आणि चहा मागवला. मला त्या दिवशी दोघांचंही वाईट वाटलं.

*

आता शेवटचा. भाताची कापणी झाल्यावर काकांच्या शब्दावर अख्ख्या पाड्याने त्या वर्षी भेंडी लावलेली. तिकडच्या एका नव्या खरेदीदाराने ट्रायलचा माल मागवला होता. पास झाला तर पाड्याची भेंडी हंगामभर जाणार. नाही तर पुन्हा मार्केट आणि मिळेल तो भाव.

ट्रायलचा माल गेला आणि तिकडच्या विमानतळावर अडकला. मेलमध्ये फोटो होता. हिरव्यागार भेंडीवर लाल रंगाचे तांदळाचे दाणे. भाजीत दुसरं धान्य, म्हणजे उगवू शकणारं बियाणं सापडलं, म्हणून सगळा माल नष्ट केला.

सुनंदाताईंचा चेहरा उतरला. त्यांच्या खात्यात बायकांना बांगड्या काढून, टिकली उतरवून यावं लागतं. "माझ्या टेबलावर तांदूळ येणंच शक्य नाही," त्या म्हणाल्या.

काकांना बोलावलं. त्यांनी फोटो बघितला आणि खाली बसले. "ह्या आमच्याच अक्षता. पाड्याचा पहिला माल परदेशी निघालेला. गाडीत बॉक्स चढले, तवा मी वरून टाकल्या."

बॉक्सला हवेसाठी भोकं असतात. दाणे त्यातून आत गेले. आम्ही सगळे तिथेच हात जोडून उभे होतो. गाडीपुढे नारळ तर साहेबांनीच फोडलेला.

"शिजवायचा तांदूळ तो," काका पुन्हा पुन्हा सांगत होते, "उगवतोय कुठं?"

खरेदीदाराला कारण कळवायचं होतं. साहेब म्हणाले, "पॅकिंगमध्ये काहीतरी झालं असं लिहून टाक." सुनंदाताई म्हणाल्या, "अजिबात नाही. पॅकिंग माझं आहे. झालं ते लिहा." मग मी खरं तेच लिहिलं. भोईर नावाचे शेतकरी आहेत, पहिला माल परदेशी निघताना त्यांनी आशीर्वाद म्हणून तांदूळ टाकले. पुन्हा होणार नाही. आणखी एक संधी द्या.

तीन दिवस उत्तर नाही. मग एका ओळीत आलं, पाठवा, ही शेवटची.

या वेळी गाडीत बॉक्स चढत असताना काका आपणहून गेटबाहेर, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. हात खिशात घालून. गाडी विमानतळाच्या दिशेने निघून गेली तरी त्यांनी ते बाहेर काढले नाहीत.

दोन दिवसांनी मेल आला. साहेब, सुनंदाताई आणि काका माझ्या खुर्चीमागे उभे. मी मराठी करत मोठ्याने वाचू लागलो.

"माल पास. पुढच्या आठवड्यापासून नियमित पाठवा."

खाली अजून एक ओळ होती.

"सगळे बॉक्स उघडून पाहिले, तांदूळ कुठेच नाहीत. भोईर यांची तब्येत बरी आहे ना?"