त्या ट्रकनं आल्या नव्हत्या

गुरम्मा आणि सारजाबाई श्रीशैलला ट्रकनं गेल्या, असं सांगणारे लोक सोलापूरच्या बाळीवेशीत अजून आहेत. मागच्या महिन्यात एका लग्नात पंगतीला माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी तेच सांगितलं, आणि तेही हसत हसत. त्यांचा त्यात काही दोष नाही, त्यांनी ते वडिलांकडून ऐकलेलं. पण मी त्या दोघींच्या शेजारी राहिलेली बाई आहे. काय झालं ते मला माहीत आहे, म्हणून लिहिते.

गुरम्मा कडक भाकरी करून विकायच्या. ज्वारीची, पापडासारखी पातळ, उन्हात वाळवलेली, महिनाभर टिकणारी. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. बाई उंच, काळीसावळी, बोलायला फटकळ. चुलीपुढं बसल्या की त्यांच्याशी कुणी फालतू बोलत नसे. सारजाबाई मोडनिंबच्या. बहात्तरच्या दुष्काळात दोन वर्षं खडी फोडून झाल्यावर त्या सोलापुरात आल्या आणि गुरम्मांकडं भाकरी थापायला लागल्या. एक लिंगायत, घरात कानडी बोलणारी. दुसरी मराठा, कानडीचा एक शब्द न येणारी. पण दोन वर्षांत अशी जोडी जमली की एकीला ताप आला तर दुसरीची चूलही पेटायची नाही.

पाडव्याला पोचायचं म्हणून आमच्या भागातून दरवर्षी श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाला पायी जाणारी मंडळी निघायची. अठरा दिवसांची वाट. रायचूर, कर्नूल करत आत्मकूरपर्यंत सपाटी, आणि शेवटचे तीन दिवस नल्लमलाचे डोंगर. तिथं गाडीरस्ता नाही, जंगल आहे, पाणी कमी. मंडळींचे पुढारी होते बसलिंगप्पा, आडत दुकानदार. चालायचे ते फक्त पुरुष. सामानाचा ट्रक रस्त्यानं बरोबर जायचा आणि स्वयंपाकाच्या बायका त्यातून. शिदोरीची भाकरी अकरा वर्षं गुरम्मांच्या चुलीवरची.

शहात्तर साली ठरवाठरवीच्या बैठकीत गुरम्मा उठून म्हणाल्या की यंदा आम्ही दोघी चालणार. बसलिंगप्पांनी समजावलं. जंगलात अस्वलं आहेत, पाण्याचे हाल आहेत, बायकांच्या आणखी अडचणी असतात, ट्रकमध्ये चांगली जागा करून देऊ. गुरम्मांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अकरा वर्षं माझी भाकरी चालत जातीय. आता मी जाते." लोक हसले. हो कुणी म्हणालं नाही आणि नाहीही कुणी म्हणालं नाही.

सारजाबाईंना मी विचारलं होतं, तुमचा तो देव नाही, तुम्ही कशाला एवढी पायपीट करता? त्या म्हणाल्या, "आक्का चालणार आन् मी हितं बसून काय करू? मला डोंगर बगायचाय की. आमच्याकडं ढेकळाबिगर काय न्हाय."

आत्मकूरपर्यंतचे पंधरा दिवस त्या मंडळींच्या मागं चालल्या. नुसत्या चालल्या असत्या तरी कौतुक होतं. पण मुक्कामाला पोचलं की पुरुष पाय पसरून कण्हत पडायचे आणि या दोघी ट्रकमधल्या बायकांच्या बरोबरीनं कांदा चिरायला बसायच्या. एकानंही त्यांना बसा म्हटलं नाही. उलट आमटीत मीठ कमी पडल्याचं एकानं त्यांना बोलून दाखवलं.

आत्मकूरला ट्रक लांबच्या रस्त्यानं वळसा घालून श्रीशैलला जाणार होता. बसलिंगप्पांनी त्यांना न विचारताच दोघींची अंथरुणं ट्रकात चढवली आणि सांगितलं, झाली तेवढी हौस पुरे. दोघी चढल्या नाहीत. ट्रक अंथरुणं घेऊन गेला. दोघी मंडळींबरोबर चालत वेंकटापूरपर्यंत गेल्या. ते डोंगराखालचं शेवटचं गाव. तिथल्या देवळाच्या ओसरीवर सगळे झोपले.

पहाटे जाग आली तेव्हा ओसरी रिकामी होती.

तेवीस माणसं उठली, तोंडं धुतली, पिशव्या बांधल्या, पाणी भरून घेतलं. चार हातांवर दोन बायका झोपल्या होत्या. त्यांना हलवून उठवावं असं तेविसांतल्या एकालाही वाटलं नाही. की वाटलं, आणि तरी उठवलं नाही? मला दुसरंच खरं वाटतं. माणसं पाय न वाजवता गेली असणार. परक्या मुलखात, परक्या भाषेत, जंगलाच्या तोंडाशी. यातल्या निम्म्या लोकांच्या पोरांना गुरम्मांनी गोवर निघाला तेव्हा पेज करून घातलेली.

गुरम्मा पायरीवर बसून राहिल्या. पुढं त्या मला म्हणाल्या की मला भीती नाही वाटली, लाज वाटली, त्यांची. सारजाबाईंनी तांब्या भरला, गाठोडं बांधलं. "ट्रक तर गेला. माघारी कुटं जायचं? फुडं वाट तरी हाय," त्या म्हणाल्या.

सिंदगीकडची एक कानडी मंडळी मागून आली, त्यांच्यापाठी दोघी डोंगराला लागल्या. वाट दगडांची, मध्येच बांबूच्या बेटातून, मध्येच उघड्या खडकावरून. सारजाबाईंची टाच भेगाळून रक्त यायला लागलं. गुरम्मांनी लुगड्याची किनार फाडून बांधली. सिंदगीवाले पुढं निघून गेले. तरी वाटेवर येणारे-जाणारे होते, आणि सारजाबाई, ज्यांनी आयुष्यात झाडाखेरीज उंच काही पाहिलं नव्हतं, त्या प्रत्येक वळणावर थांबून मागं बघायच्या. जंगलात राहणाऱ्या चेंचू लोकांच्या एका वस्तीवर पाणी मिळालं. भाषा कुणाचीच कुणाला कळली नाही, तांब्या दाखवल्यावर भरून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका झाडाखाली माणूस आडवा दिसला. जवळ गेल्या तर धोंडप्पा. आमच्याच गल्लीतले, गिरणीतून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले, तेविसांतले एक. ऊन लागलं होतं. अंग तव्यासारखं तापलेलं, घाम नाही, ओकून ओकून डोळे आत गेलेले. मंडळींनी त्यांना सावलीत निजवलं होतं आणि मागून येणाऱ्या कुणाबरोबर तरी या असं सांगून ती पुढं गेली होती. मागून कोण येणार हे त्यांना चांगलं माहीत होतं.

गुरम्मांनी उपरणं भिजवून डोक्यावर ठेवलं, चमच्याएवढं चमच्याएवढं पाणी तोंडात सोडलं, भाकरीचा चुरा मीठपाण्यात कालवून चाटवला. ऊन उतरेपर्यंत सारजाबाई पदरानं वारा घालत बसल्या. तो दिवस तिथंच गेला.

पुढं भीमनकोळ्ळ म्हणतात ती दरी. तळापर्यंत उतरायचं आणि समोरचा कडा चढायचा. कुणी जुन्या काळी दगडी पायऱ्या घातल्यात, एकेक गुडघ्याएवढी. धोंडप्पांचा एक हात सारजाबाईंच्या खांद्यावर, कमरेला मागून गुरम्मांचा रेटा, आणि तिघांची गाठोडी गुरम्मांच्या डोक्यावर. दहा पायऱ्या चढायच्या, बसायचं. पुन्हा दहा. कड्याच्या मध्यावर धोंडप्पा बसून लहान पोरासारखे रडले. म्हणाले, "अक्का, तुम्ही नसता तर माझं मढं त्या झाडाखाली राहिलं असतं. मी हे जन्मात विसरणार नाही."

"आधी उठा. रडायला वर जागा आहे," गुरम्मा म्हणाल्या.

चढ संपतो तिथं एक दगडी कमान आहे. कानडी लोक तिला कैलासबागिलु म्हणतात, कैलासाचं दार. पाडव्याच्या दिवशी दुपारी तिघं तिथं पोचले. धोंडप्पा सावलीला टेकले. सारजाबाई कमानीच्या दगडाला हात लावून मागं वळल्या आणि बघतच राहिल्या. एकामागं एक डोंगर, शेवटचे तर धुरासारखे. ते सगळे आपण चालून आलो यावर त्यांचा विश्वास बसेना.

"आक्का, हे समदं आपुन आलो व्हय?"

"आपणच. दुसरं कोण?"

आणि गुरम्मा हसायला लागल्या. मी त्यांना दहा वर्षांत मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. सारजाबाई सांगायच्या, आक्का कंबर धरून हसल्या, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसल्या. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि लहान मुलींसारख्या कमानीतून पलीकडं गेल्या. सारजाबाईंनी ते मला कितीदा सांगितलं असेल. प्रत्येक वेळी त्या सांगताना उभ्या राहायच्या.

मंडळी आदल्या दिवशीच पोचली होती, हे तिघं आले तेव्हा ती जेवून झोपली होती. बसलिंगप्पांनी धोंडप्पांना मिठी मारली. दोघींकडं बघून "बरं झालं," एवढंच म्हणाले. परतीला सगळेच ट्रकनं आले, तेविसांसकट. ट्रकचा काय तो संबंध एवढाच.

आठवड्यानं मठाच्या सभागृहात चालून आलेल्यांचा सत्कार झाला. मी टेलिफोन खात्यातली ड्यूटी बदलून घेऊन गेले होते. एकेकाचं नाव पुकारलं, शाल आणि नारळ दिला. तेवीस नावं झाली. मग बसलिंगप्पांनी भाषण केलं आणि शेवटी म्हणाले की आमच्या माता-भगिनींनीही ट्रकमधून येऊन स्वयंपाकाची सेवा केली, गुरम्मा आणि सारजाबाई यांचेही आभार.

गुरम्मा उभ्या राहिल्या. "आम्ही चालत आलो," त्या म्हणाल्या.

बसलिंगप्पा रागावले नाहीत. ते हसले, आणि मला अजून ते हसणंच जास्त झोंबतं. म्हणाले की हो, आत्मकूरपर्यंत थोडं थोडं चाललात की. सभागृह हसलं.

"डोंगर चालून आलो. धोंडप्पा सांगतील."

सगळ्यांनी धोंडप्पांकडं पाहिलं. ते पहिल्या रांगेत बसले होते, खांद्यावर शाल. त्यांनी मांडीवरचा नारळ उलटा केला, सुलटा केला. मग खाली बघत म्हणाले, "मला तब्येतीमुळं नीट काही आठवत नाही."

दोन बायकांनी धरून चढवलं हे चारचौघांत कबूल करायचं म्हणजे पुरुषाला अवघड, असं मला नंतर कुणीतरी समजावलं. मला ते समजत नाही आणि समजून घ्यायचंही नाही. जीव वाचवून घ्यायला अवघड नव्हतं.

सारजाबाई मागून येऊन गुरम्मांचा दंड धरून म्हणाल्या, चला आक्का. गुरम्मा हलल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "तेवीस जण आम्हाला झोपेत टाकून गेले. तेही कुणाला आठवत नसेल." मग निघाल्या. त्यांच्यामागं मीही निघाले. आणखी कुणी उठलं नाही.

पुढच्या माघात भाकरीचं सांगायला बसलिंगप्पांचा माणूस दोनदा आला. गुरम्मांनी दोन्ही वेळा त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं. मंडळींनी दुसरीकडून भाकरी नेल्या, त्यांना आठव्या दिवशी बुरशी आली असं ऐकलं. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? त्याच वर्षी गुरम्मा आणि सारजाबाई सात बायका घेऊन आपल्या आपण गेल्या. परत आल्या तेव्हा सत्कार वगैरे काही नव्हतं. त्यांनी अपेक्षाही केली नव्हती.

धोंडप्पा एकदा आले होते. दारात उभे राहून म्हणाले की माझं चुकलं. गुरम्मा थापत असलेली भाकरी पुरी करून म्हणाल्या, "इथं नको. मठात सांगा, सगळ्यांपुढं." ते मान हलवून गेले. मठात ते दर सोमवारी जायचे, तीन वर्षं गेले. सांगितलं नाही. एकोणऐंशीच्या पावसाळ्यात वारले.

दोघी त्यांच्या घरी भेटून आल्या. मी बरोबर होते. परत येताना सारजाबाई म्हणाल्या, "काय बी म्हणा आक्का, आपुन त्येला वर आणला ते बरंच केलं की."

"बरं केलं," गुरम्मा म्हणाल्या. "पण ते त्यानं सांगायचं होतं."