इमरानचा ड्रॅगन काळा-पांढरा का झाला

"मेली म्हणून सांग त्याला," शेठ म्हणाले.

मशीन मेली नव्हती. दुकानातल्या टीव्हीवर ड्रॅगन उडत होता, गोळ्या सुटत होत्या, आवाज खणखणीत होता. फक्त रंग नव्हता. सगळं राखाडी.

महाडच्या ह्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागून मला वर्षही झालं नव्हतं. शेठ म्हणजे आमचे मालक. "कलरची आयसी गेली सांग," ते पुढे म्हणाले. "इतक्या जुन्या मशीनचे पार्ट कुठे मिळतात? टाकून जाईल इथंच. मग तू ने घरी. कधीपासून बघतेस तिच्याकडे, मला दिसत नाय काय?"

बघत होते, खरंच. ती मशीन इमरानची होती.

इमरान आमच्या गल्लीतला, माझ्याच वर्गातला. त्याचे अब्बा कुवेतला. आम्ही शाळेत असताना त्यांनी ही व्हिडिओ गेमची मशीन आणली आणि गल्लीतली सगळी पोरं इमरानच्या दारात जाऊन बसली. माझे वडील संघटनेची पत्रकं छापून गावोगाव वाटायचे. आमच्या घरात खेळणं एकही नव्हतं, पत्रकांचे गठ्ठे मात्र पलंगाखाली मावत नव्हते. मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. समान हक्क, समान वाटप. इमरानकडे जाऊन मी तेच मागायची: सगळ्यांना सारखी पाळी.

"भाषण झालं काय गो?" तो म्हणायचा. "मग मागं बस आणि कोण येतो ते ओरडून सांग."

रिमोट त्याच्या हातात. निळ्या ड्रॅगनच्या पाठीवर स्वार, आणि शत्रू चारी बाजूंनी. मी "मागून! मागून!" ओरडायची आणि तो मारायचा. एवढं मोठं आभाळ, आणि ते ह्या पोराच्या अंगठ्याखाली! घरी आल्यावर मला जेवण जायचं नाही. वडिलांना मी सांगायची, विषमतेचा राग येतो. ते खूश व्हायचे. तो शुद्ध हेवा होता.

आता एक वाक्य बोललं की ड्रॅगन माझा.

मी त्या राखाडी पडद्याकडे बघत राहिले. निळा कुठे गेला? आणि मला इमरानच्या अब्बांचा हात आठवला. त्यांच्या कुवेतच्या टीव्हीला खाली एक झाकण होतं. मशीन पहिल्यांदा लावली तेव्हाही चित्र असंच राखाडी आलं होतं. अब्बांनी झाकण उघडून एक बटण दाबलं आणि ड्रॅगन निळा झाला. बाकीची पोरं ड्रॅगन बघत होती. मी तो टीव्हीसुद्धा बघत होते, कारण तोही आमच्याकडे नव्हता.

रंग जाण्याचं कारण साधं आहे. रंग पाठवायच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या. आपल्याकडच्या पद्धतीचं नाव पाल (PAL). ही मशीन होती एनटीएससी पद्धतीची. फक्त पाल समजणाऱ्या टीव्हीला तिचं चित्र कळतं, आवाज कळतो, रंग कळत नाही. आखातातून येणाऱ्या टीव्हींना बहुधा दोन्ही कळायचं. आमचा दुकानातला टीव्ही जुना, फक्त पालवाला.

दुपारी इमरान आला. "काय गो अर्चना, जगेल काय?"

शेठनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. आमच्या पत्रकांत लबाडीवर पानंच्या पानं होती. हेव्यावर एक ओळ नव्हती. मी तोंड उघडलं तेव्हा काय बाहेर पडणार हे मलाच ठाऊक नव्हतं.

"तुमचा कुवेतचा टीव्ही कुठाय?" मी विचारलं.

"तो आपाच्या लग्नात दिला. पोलादपूरला हाय तिच्याकडे. घरी आता इथंच घेतलेला हाय, त्यावर हे असं राखाडी दिसतं. का?"

"मशीनला काय झालेलं नाय. त्या टीव्हीला लाव. रंग येईल."

शेठ उठून चहा सांगायला गेले. इमरानचा विश्वास बसेना. "तू चल. नाय आला रंग तर तुझ्या डोक्यावर फोडीन ही मशीन."

रविवारी आम्ही एसटीने पोलादपूरला गेलो. त्याच्या आपाने, म्हणजे मोठ्या बहिणीने, टीव्हीवरचं भरतकामाचं कापड काढलं. मी वायरी जोडल्या, झाकण उघडून बटण दाबलं. ड्रॅगन निळा झाला.

"घे," इमरानने रिमोट माझ्या हातात दिला. "आज पहिली पाळी तुझी. नायतर पत्रक काढशील."

मी डावीकडे दाबलं. ड्रॅगन जरासा सरकला, पण गेला सरळच. मी त्याला डोंगराकडे वळवायला लागले. तो वळेना.

"रिमोट खराब हाय?"

"खराब कशाला? तो आपला आपलाच जातो. वीर स्टेशनात गाडी कशी रुळावरून जाते, तसा. आपण नुसता नेम धरायचा."

"म्हणजे तू इतकी वर्षं ड्रॅगन चालवत नव्हतास?"

"नाय गो! तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं होतं ते मी सांगितलं नाही. तेवढ्यात तो मागून ओरडला, "मागून! मागून!" आणि मी मेले. आपा पोट धरून हसली.

सोमवारी शेठनी विचारलं, "मशीन?"

"चालू झाली."

"मग आपल्याला काय मिळालं?"

"चहा. आणि आपाच्या हातच्या शेवया."

त्यांनी कपाळावर हात मारला. पण दुसऱ्या आठवड्यात परदेशी टीव्हीचं एक गिऱ्हाईक आलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

दुकानात अशी मशीन आली की मी स्क्रू ड्रायव्हर उचलायच्या आधी विचारते: ही पूर्वी कुठल्या टीव्हीला होती? हेवा करणाऱ्याचं लक्ष बारीक असतं. दुरुस्तीला ते उपयोगी पडतं. हेवा गेला का म्हणाल, तर नाही. इमरानचा हेवा मला आता वाटत नाही. आपाच्या टीव्हीचा वाटतो.