लातूरची ओळ

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा गावाला काय मिळालं, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, वर्तमानपत्रात एक ओळ मिळाली. पाणी नाही, ओळ. रविवारच्या अंकात शहरांचं आठवड्याचं हवामान यायचं: मुंबई, पुणे, नागपूर, नांदेड. त्यात नांदेडच्या खाली लातूर आलं आणि आमच्या गल्लीतल्या शहाण्यांची छाती फुगली. दोन्हीकडे तापमान तेच, पाऊस तोच, ढगसुद्धा तेच. छापणाऱ्यानं नांदेडची ओळ उचलून लातूरपुढे ठेवली होती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण नव्या जिल्ह्याच्या कौतुकात कुणाला ते बघायची गरज वाटली नाही.

माझे वडील या शहाण्यांचे मुकादम. मूळचे बिलोलीचे, नव्या जिल्ह्याच्या कचेरीत बदलून आलेले कारकून. कचेरीत खुर्च्या कमी, पण रुबाब पुरेपूर. दुष्काळ होता. नळ आठवड्यातून कधीतरी खोकल्यासारखा आवाज करायचा आणि गप्प बसायचा. अशात वडील चहा पीत पीत मुंबईत किती पाऊस पडणार ते आम्हाला वाचून दाखवायचे. मुंबईच्या पावसावाचून आमचं काय अडलं होतं, ते त्यांनाच ठाऊक.

आईचा सगळा जीव अंगणातल्या हौदात. बिलोलीत तिच्या आईला विहिरीवर चढू देत नसत. घागर खाली ठेवून लांब उभं राहायचं आणि कुणी वरून ओतेल त्याची वाट बघायची. आईनं ते लहानपणी पाहिलं होतं. "पाण्यासाठी कुणाच्या दारात जायचं न्हाई," हे ती आम्हाला उठताबसता ऐकवायची.

दसरा जवळ आला. आमच्याकडे दसरा काढतात, म्हणजे घरातली चिंधीन् चिंधी धुऊन काढायची. आमचा तर तो धम्मदीक्षेचाही दिवस. पण त्या वर्षी आईनं गोधड्यांना हात लावला नव्हता. रविवारी वडिलांनी खणखणीत आवाजात वाचलं: लातूर, सुरुवातीला कोरडे, नंतर मुसळधार.

"आजच धुऊन घे," ते म्हणाले. "गोधड्या वाळतील आणि मग पन्हाळीच्या पाण्यानं हौद भरून वाहील."

"आभाळात तर काहीच न्हाई."

"आभाळाला काय कळतंय? ते यंत्रावर बघून छापतात."

असल्या बिनडोक वाक्यापुढं आई हरली, याचा मला अजून राग येतो. तिनं हौदातलं राखून ठेवलेलं पाणी उपसून गोधड्या धुतल्या. त्या दगडासारख्या कडक वाळल्या आणि वर ऊन तसंच तापत राहिलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बिलोलीहून मामा आला, धोतराला गुडघ्यापर्यंत चिखल. "तिकडं लई पाऊस," तो कौतुकानं सांगू लागला, "वढ्याला पूर हाय." वडिलांचं भाकीत तंतोतंत खरं ठरलं होतं, फक्त नांदेड जिल्ह्यात.

मामाला द्यायला घरात तांब्याभर पाणी नव्हतं. हौदाच्या तळाशी गाळ राहिला होता. आईनं घागर उचलली, मला बरोबर घेतलं आणि शेजारच्या मास्तरीणबाईंच्या दारात गेली. या बाई आईशी रोज कुंपणावरून गोड बोलायच्या. त्यांनी नाही म्हटलं नाही. कळशी घेऊन आल्या, उंबऱ्याच्या आतच थांबल्या आणि म्हणाल्या, "घागर खाली ठेवा, अन् जरा मागं सरका. मी वरून ओतते."

आई मागं सरकली.

घरी येऊन तिनं मामाला पाणी दिलं, आम्हाला दिलं. स्वतः थेंबही घेतला नाही. वडील म्हणाले, "छापण्यात कधीमधी चूक होते." आईनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

पुढच्या रविवारी अंक आला. लातूरपुढे छापलं होतं: हवामान सुखद. वडिलांनी ते मनातल्या मनात वाचलं.