रोज एक अवघड शब्द

कोशवाल्या गुरुजींना सोपं काही चालायचं नाही. शाळा सुरू झाली की पहिल्याच दिवशी ते मराठीचं पुस्तक मागून उघडायचे आणि सगळ्यात किचकट धडा काढायचे. आम्ही सातवीतली पोरं पार गांगरून जायचो. "अवघड आलं की सोपं आपोआप येतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुठ्ठा निघालेला एक जाडजूड शब्दकोश कायम त्यांच्या काखेत असायचा. त्यातला कुणी न ऐकलेला शब्द ते रोज फळ्यावर लिहायचे. त्यावरूनच हे नाव पडलं. त्यांचं खरं नाव विचारलं तर अंबडच्या निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं.

पुढे मी कोर्टाजवळ फोटो स्टुडिओ टाकला. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनतीन वर्षं झाली असतील, तेव्हा दिवाळीनंतर गुरुजींना अर्धांगाचा झटका आला. हातपाय महिन्याभरात सुधारले, पण बोलण्यातली नावं गेली. "दे", "जल्दी कर", "बराबर न्हाई" हे सगळं यायचं. जयभीम तर पहिल्यासारखाच खणखणीत. पण समोरची वस्तू ओळखीची दिसायची आणि तिचं नाव काही केल्या जिभेवर यायचं नाही. रजा उन्हाळ्यापर्यंतच होती. मे महिन्यात डॉक्टरांसमोर तपासणी होती. तीत निभावलं तर जूनमध्ये वर्ग, नाही तर कायमचं घरी. आपल्या वस्तीतले ते पहिले शिक्षक. वर्गाशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि नकोही होतं.

एका सकाळी कोश काखेत मारून ते दुकानात हजर झाले. सोबत मावशी, म्हणजे त्यांच्या घरच्या. त्यांनीच सगळं समजावून सांगितलं. "डॉक्टर म्हणले, रोज सराव करा. वाचून दाखवलं तर म्हणतेत हे, पण बघून येत न्हाई. मंग यांनीच हे काढलं. रोज एक शब्द, त्याचा एक फोटो." पद्धत अशी की गुरुजी डोळे मिटून कोश उघडणार, बोट ठेवणार. सोपा शब्द निघाला की बोट खाली सरकणार, अवघडावर थांबणार. मी तो मोठ्यानं वाचायचा, त्यांनी तीनदा म्हणायचा. त्याच दिवशी मी त्याचा फोटो काढायचा आणि दुसऱ्या दिवशी तो बघून त्यांनी शब्द सांगायचा. जुन्या गुरुजींना नाही कसं म्हणणार? मी हो म्हणून बसलो.

पहिला शब्द निघाला तिरीप. ते बरं होतं. दुकानाच्या पत्र्याच्या फटीतून सकाळची तिरीप येतच होती. दुसऱ्या दिवशी अवकळा. आता अवकळेचा फोटो काय डोंबल काढणार? भर उन्हात सायकल मारत गेलो, एक पडकं दार शोधलं, त्यापुढचं वाळलेलं गवत आणि खरजुलं कुत्रं सगळं एकात बसवलं. मला तो फोटो फार आवडला होता. गुरुजींनी तो दहा मिनिटं बघितला, उलटा करून बघितला आणि माझ्याकडे परत दिला.

"हे बराबर न्हाई," म्हणाले. "काढ. पुन्हा."

माझं डोकं फिरलं. शब्द यांचा अडकलेला आणि खोट माझ्या फोटोत? "गुरुजी, फोटो एकदम बराबर हाय. तुम्हालाच येऊन न्हाई राह्यलं," असं तोडून बोललो मी. बोलल्यावर जीभ चावली, पण गेलेला शब्द कुठं परत येतो? गुरुजी चिडले नाहीत. फोटो खिशात घातला, "उद्या" म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी एका नवरदेवाला बाशिंगासकट खुर्चीत बसवून हनुवटी सरळ करत होतो, तेवढ्यात दारातूनच गुरुजींचा आवाज आला, "अवकळा." नवरदेवाचे वडील असे खवळले की त्यांना चहा पाजून शांत करावं लागलं. गुरुजी मात्र बाकावर बसून खुशीत मांडी हलवत होते.

असं चार-पाच महिने चाललं. एका फोटोसाठी मी अंधाऱ्या खोलीत रोल कापायचो आणि उरलेला जपून पुन्हा गुंडाळायचो. 'तिष्ठणे' निघाला तेव्हा स्टँडवर उभा राहिलो. एसटी वेळेवर आली तर चेहऱ्यांवर काही दिसेना, म्हणून उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघत दुपार घालवली. गिऱ्हाइकं दुकान बंद बघून परत गेली. वैतागून एकदा म्हणालो, "गुरुजी, एखादा साधा शब्द घ्या की. छत्री घ्या, घागर घ्या. मलाबी जरा दम खाऊ द्या."

ते हसले. "सोपं आपोआप येतं," म्हणाले.

मी मान डोलावली. सातवीतही डोलवायचोच. आणि खरं सांगायचं तर तोवर मलाही मस्ती चढली होती. फोटो समोर धरला की गुरुजी धडाधड शब्द सांगायचे. असले शब्द शाळेतल्या बाकीच्या मास्तरांना तरी येत होते का? आता डॉक्टर काय विचारणार यांना?

तपासणीला मावशींसोबत मीही जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो. फोटोंचा डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. डॉक्टर वयस्क आणि सभ्य होते. त्यांनी डब्याकडे बघितलं नाही. खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "गुरुजी, हे काय आहे?"

गुरुजी पेनाकडे बघत राहिले. मग डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. मग पाण्याचा पेला पुढे सरकवला. गुरुजींच्या कपाळावर घाम आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, तसा डॉक्टरांनी हात वर करून मला थांबवलं. खिडकीतून ऊन येऊन पेल्यावर पडलं होतं. गुरुजींनी त्याच्यावर बोट ठेवलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "तिरीप."

डॉक्टरांना वाटलं, पेल्याला म्हणाले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मावशींना आत बोलावलं.

परतीच्या एसटीत मी फोटोंचा डबा सीटखाली सरकवून दिला. संताप संताप होत होता. गुरुजींच्या हट्टाचा, मान डोलावणाऱ्या माझा, टेबलावरच्या त्या पेनाचासुद्धा. नोकरी गेली. वडीगोद्रीच्या बाजूला गुरुजींच्या भावाची शेती होती, महिनाअखेर दोघांनी तिकडे जायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी नेहमीच्या वेळेला दुकानात आले. काखेत कोश नव्हता. कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवून म्हणाले, "काढ."

माझा तोल गेला. "आता कशाला, गुरुजी? आता कोण विचारणारे तुम्हाला?"

त्यांनी घराच्या दिशेनं हात केला. "ती," म्हणाले. मग अंगठा ओठाला लावून दाखवला आणि मान हलवली. "असं नको. मागायचंय."

सहा महिने हा माणूस घरात अंगठा ओठाला लावून तहान सांगत होता. मी त्याला अवकळा शिकवली, तिष्ठणे शिकवलं, आणि गुरुजी, घरी कसं चाललंय एवढं एकदासुद्धा विचारलं नाही. फोटोवरून मात्र त्याच्याशी भांडलो. मला माझीच लाज वाटली. मी माठातून तांब्या भरला, वरून पेल्यात धार धरायला गुरुजींनाच सांगितलं आणि फोटो काढला. "पाणी," मी म्हणालो. त्यांनी तीनदा म्हटलं. मी अजून तीनदा म्हणायला लावलं.

दोन दिवसांनी मावशी एकट्याच दुकानात आल्या. सामान बांधणं चाललं होतं, दोरी कुठे मिळेल म्हणून विचारायला आल्या होत्या. दोरीचं सांगितलं तरी त्या दारातच उभ्या राहिल्या.

"काल दुपारी यांनी पाणी मागितलं," म्हणाल्या. "मी लगेच दिलंच न्हाई. म्हणलं, अजून एक डाव म्हणा."