हिरोच्या सत्काराला माझा आवाज

मी पाया पडायला वाकलो अन् त्यानं पाय वर घेतले. सरळ सोफ्यावर. पाल दिसल्यासारखे.

नांदेडला त्याचा सत्कार होता. त्यो म्हणजे हिंदी पिच्चरचा जुना हिरो. नाव घेत न्हाई, फुकटात जाहिरात मी करत नसतो. हॉलच्या मागल्या खोलीत एक जण त्याला फेटा बांधून राहिला होता, दुसरा काजूची ताटली धरून उभा. मी रेणापूरचा. मिमिक्री करतो. लग्नात, गॅदरिंगात, गणपतीत. ह्याच हिरोच्या आवाजावर आमची चूल पेटती.

आयोजक भाऊंनी फोनवर सांगितलं होतं, "साहेबांचा घसा गेलाय. पब्लिक डायलॉग मागणार. तुला शेजारी उभा करतो. ते हात करतील, तू बोल."

शेजारी. त्या एका शब्दावर मी वडलांना लातूरहून बोलावलं. ते मार्केट यार्डात हमाल हायेत. धुतलेलं धोतर नेसून आले. हॉलात पार मागच्या खुर्चीवर, पाय जवळ घेऊन बसले.

ह्या हिरोचे सगळे पिच्चर वडलांनी बघितलेत. आधी त्यो व्हिलनचा चमचा होता, मार खायचा. मग एका पिच्चरात दगडफोड्या झाला अन् नशीब फळफळलं. मग गाडीवान झाला, गिरणी कामगार झाला, हमाल झाला. तोंडाला काजळी, बनियनला भोकं, अन् हात मालकाच्या गचुऱ्याला. केस पिकल्यावर गरीब बापाचे रोल. मग सिरियलमधला आजोबा. आता टीव्हीवर गुडघेदुखीचं तेल विकतो. जन्मला बंगल्यात, ऱ्हायला बंगल्यात. खाल्लं आमच्या गरिबीवर.

वडील म्हणायचे, "त्यो आपला माणूस हाय. पोतं बघ कसं उचलतो."

त्या पोत्यात भुसा असतोय हे मला आठवीत कळलं. वडलांना सांगितलं न्हाई. दिवसभर सेठ म्हणतील तसं ऐकणारा माणूस पिच्चरच्या अंधारात तेवढा ताठ बसायचा. त्याचा ताठपणा मी कशाला मोडू?

तर त्यानं पाय वर घेतले. भाऊ हसले. म्हणले, "साहेब, यही है वो मिमिक्रीवाला."

त्यानं मला वरून खाली बघितलं. रंग बघितला, चप्पल बघितली. घशातून नुसती हवा येत होती. "बाप क्या करता है?"

"हमाल हैं, साहेब," मी म्हणलो. छाती काढून. वाटलं, खूश हुईल. चार पिच्चर हमालावर केलेत गड्यानं.

त्यो भाऊंकडं वळला. मी तिथं न्हाईच असा.

"हमाल का लौंडा है। बोझा उठवाओ और बाहर रखो।"

काजू चावत म्हणला. मग सांगितलं, ह्याला पडद्यामागं उभा करा. आवाज माझाच हाय असं लोकांना वाटलं पाहिजे.

भाऊ मला बाहेर घेऊन गेले. "मनावर घेऊ नको रे. मोठी माणसं हायेत. अन् तू पुढं तरी काय दिसणार? आवाज हाय तेवढा दे की."

मी पडद्यामागं गेलो. गेलो, हे पण लिहितो.

पुढं शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. प्रत्येक जण म्हणायचा, गोरगरिबांचा आवाज, गोरगरिबांचा आवाज. गोरगरिबाचा आवाज हिकडं माईक धरून घामाघूम.

पब्लिक ओरडाय लागलं, "डायलॉग, डायलॉग." त्यो माईकपाशी आला. मला फटीतून त्याची पाठ दिसायची. नक्कल घशातनं पकडायची नसते, श्वासातनं पकडायची. बोलायच्या आधी त्याचा डावा खांदा वर जातोय. खांदा वर गेला की मी सुरू, असं ठरलं होतं.

खांदा वर गेला. मी गप्प.

त्याचे ओठ हलून राहिले. हात वर गेला, मूठ वळली. आवाज न्हाई. त्यानं परत खांदा उचलला. हॉलमध्ये कुणीतरी फिदकन हसलं.

मी पडदा सारून पुढं आलो. त्याच्या शेजारी उभा राहिलो. ठरल्याप्रमाणं, शेजारी. अन् त्याच्याच आवाजात, शेवटच्या शब्दाला चिरतो तसा चिरून म्हणलो, "हमाल का लौंडा है। बोझा उठवाओ और बाहर रखो।"

शिट्ट्या पडल्या. टाळ्या. लोकांना वाटलं पिच्चरमधलाच हाय. एक जण ओरडला, "वन्स मोअर."

मी माझ्या आवाजात सांगितलं, "पिच्चरमधला न्हाई. आत्ता मागं बसून बोललेत. हमाल म्हणजे माझा बाप. त्यो बघा, तिथं बसलाय."

सगळ्या माना मागं वळल्या. टाळ्या बंद झाल्या. माईक पण बंद झाला, भाऊंनी वायरच उपटली. दोघांनी मला दंडाला धरून जिन्यावरून खाली ढकललं. हिरो तवर हात जोडून हसून राहिला होता. ॲक्टिंग, दुसरं काय.

यष्टीत अर्ध्या वाटंत वडलांनी धोतराचा सोगा आवरला. मग म्हणले, "माझ्याकडं बोट कशाला केलंस? एवढा मोठा माणूस. बोलला दोन शब्द, तर काय झिजलो का आपण?"

"झिजलाव की, आबा. तुमचा खांदा बघा."

त्यांनी तोंड खिडकीकडं केलं.

नांदेडचे कार्यक्रम बंद झाले माझे. भाऊंनी सगळीकडं सांगितलंय, पोरगं माजलंय. खरंय. माजलोय. ते गाजलेले डायलॉग मी आता म्हणत न्हाई, कितीबी ओरडा. मी स्टेजवर हिरो करतो त्यो हाच, काजू चावणारा, अन् म्हणतो ते हेच एक वाक्य. लोक आधी हसतात. मग मी सांगतो कुणाबद्दल होतं. मग हसत न्हाईत.

वडलांनी त्याला माफ केलंय. ती त्यांची सवय हाय, माझी न्हाई. त्यो जिवंत हाय तवर करीन अन् मेल्यावर श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठेवला तर तिथं बी करीन. पुढं उभा राहून.