विंझरच्या पुढं गाडीनं दम सोडला

फौजेत माझी पोस्टिंग वरच्या डोंगरात, सप्लायच्या कॉन्व्हॉयवर होती. ट्रेड ड्रायव्हर. सतरा वर्षं स्टिअरिंग धरलं, नायक म्हणून पेन्शनीवर आलो. शाळा सातवीपर्यंत. बाकी जे शिकलो ते उस्तादांकडून, हवालदार बलकार सिंग. पाचला फॉलइन, म्हंजे रांगेत उभं राहून हजेरी. साडेपाचला बोनेट उघडून तपासणी. सहाला रवाना. रोज हेच.

एकदा खिंडीखाली माझ्या ट्रकचा दम गेला. रेस दिली तरी ओढेना. मागं बारा गाड्या. वायरलेस सेटवर आवाज आला, "चार नंबर, क्यों रुका? ओव्हर."

"पावर नहीं, साब. ओव्हर."

उस्ताद चालत आले. धूर बघितला, काळा. एअर फिल्टर काढला, बर्फानं गच्च. सहा मिनिटांत गाडी चालू. मला म्हणाले, "गधे, इंजन भी आदमी है. पहले हवा. फिर डीज़ल. बत्ती-वत्ती सबसे आखिर में."

त्याच महिन्यात दरड आली. उस्ताद ट्रकसकट गेले. त्यांचं हे बोलणं मी जन्मात विसरणार न्हाई असं वाटलं होतं.

पेन्शनीवर आल्यावर वेल्ह्याच्या वर आमच्या वाडीवर राहिलो. शेरडं होती. भोरातून जुनी डिझेल जीप घेतली. बायको चंद्रा मला सुभेदार म्हणायची. मी म्हणायचो, "अगं, नायक म्हणून उतरलो." ती म्हणायची, "सरकारनं न्हाई केलं तर म्या केलं."

खंडेनवमीला मी गाडी धुवायचो आणि ती गाडीची ओटी भरायची. गाडी म्हंजे घरातली बाईच, असं तिचं. आदल्या साली बोनेटवरचा खण शेळीनं चघळला. म्हणून औंदा म्हणाली, "बोनेट उचला, आत ठेवते." मी उचललं आणि मोबाईल वाजला म्हणून बाजूला गेलो. तिनं काय कुठं ठेवलं ते बघितलं न्हाई. पलटणीत पूजेनंतर गाडी हलवायच्या आधी बोनेट उघडून बघायची ऑर्डर असायची. घरात ऑर्डर कोण देणार.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी दहाला तिच्या छातीत कळ आली. घामानं भिजली. दहा मिनिटांत निघालो. मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन तिचा भाऊ धोंडिबा. हायवेवरचा दवाखाना गाठायचा होता.

विंझर सोडलं आणि गाडीनं दम सोडला. पाय पार खाली दाबला तरी वीसच्या वर जाईना. समोर इंजिनची पिवळी बत्ती लागली. दहा पस्तीस. थांबलो, गाडी बंद केली, परत चावी फिरवली. तेलाची लाल, बॅटरीची लाल, सगळ्याच पेटल्या. इंजिन बंद असताना चावी फिरवली की त्या पेटतातच. हे मला ठाऊक होतं. त्या वेळी नुसतं लाल दिसलं.

बॅटरीचे टर्मिनल काढले, घासले, बसवले. ऑइलची पट्टी बघितली. डिझेलचा हातपंप मारला. गाडी चालू व्हायची, पण रेस घेईना.

मागून चंद्रा म्हणाली, "सुभेदार, काय झालं वो?"

"काय न्हाई. गप पडून ऱ्हा."

"जीप बी माझ्यावाणीच थकली म्हनायची."

रस्त्यावर दुसरी गाडी न्हाई. सणाचा दिवस, सगळे घरी. ॲम्बुलन्सला फोन लावत होतो, रेंज न्हाई.

धोंडिबा म्हणाला, "दाजी, मला गाडीतलं काय कळत न्हाई. पर मागं लई काळा धूर व्हता."

काळा धूर. पहले हवा.

पुढच्या जाळीमागं एअर फिल्टरच्या पाइपाचं तोंड असतं, तिथं हात घातला. कापड लागलं. ओढून काढलं. हिरवा खण, हळदीकुंकवाचा, घडीत तांदळाचे दाणे. इंजिननं पार आत ओढून घेतला होता. चावी मारली, गाडीनं एका झटक्यात रेस घेतली. घड्याळात अकरा.

"काय घावलं?" चंद्रानं विचारलं.

खण मी खिशात कोंबला. म्हणालो, "कचरा."

"मंग टाका की वाटंला. खिशात कशाला?"

तिनं बघितलं होतं. मग तिनं डोळे मिटून घेतले. मार्गासनीच्या अलीकडं धोंडिबा म्हणाला, "दाजी, दामटा." मी दामटली. दवाखान्यात पोचलो तेव्हा अकरा पंचवीस. डॉक्टर बाहेर आले आणि मान हलवली. मी विचारलं, "पंचवीस मिनिटं आधी आणली असती तर?" त्यांनी सहीचा कागद पुढं केला.

धोंडिबा मला कधी काही म्हणाला न्हाई. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

आता रोज साडेपाचला बोनेट उघडतो. जायचं कुठं नसतं. खंडेनवमीला ओटी मीच भरतो, तो हिरवा खण तिच्या सीटवर ठेवतो. मग हजेरी घेतो. हवालदार बलकार सिंग. चंद्रा. उस्तादांनी आधीच सांगितलं होतं, पहले हवा. चंद्रानंही आधीच सांगितलं होतं, बोनेटच्या आत ठेवते. गाडी माझ्या हातात होती.