एलिनोरचे अकरा टक्के

कॉफीच्या खोलीत येप्पेने तक्ता लावला, त्यात सगळ्यात खाली एलिनोर स्कोवचे नाव होते. सेन्सरची सफाई : अकरा टक्के. सगळ्यात वर सिग्ने, सत्त्याण्णव टक्के. तक्त्याच्या कोपऱ्यात येप्पेने हसरा सूर्य काढला होता. कारण आपल्या वॉर्डात कुणाला लाज आणायची नाही, प्रेरणा द्यायची, असे त्याचे म्हणणे. चौतीस वर्षे नोकरी झालेल्या बाईची अशी सगळ्यांसमोर शोभा करून तो प्रेरणा देत होता.

"घोळ घातला की केक," येप्पे म्हणाला. "नियम तुमच्याच काळातला आहे, एलिनोर."

नियम खराच होता. या इस्पितळात काय, उभ्या डेन्मार्कात काय, कामात चूक केली की दुसऱ्या दिवशी घरून केक आणायचा, सगळ्यांनी तो हसत हसत खायचा आणि विषय संपवायचा. एलिनोरने आजवर दोनदा आणला होता, दोन्ही वेळा खऱ्या चुकीसाठी. या वेळी तिने वर खोबऱ्याचा कीस आणि तपकिरी साखर घातलेला केक केला आणि मुकाट्याने टेबलावर ठेवला.

"अकरा टक्क्यांच्या मानाने फारच छान झालाय हं," सिग्ने बोटे चाटत म्हणाली.

एलिनोर गप्प राहिली. पश्चिम युटलंडातली माणसे रागावली की गप्प बसतात आणि खूश झाली तरी गप्पच बसतात, त्यामुळे तिच्या मनात काय चालले आहे हे कुणाला कळायचे कारण नव्हते.

ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. नर्सच्या हाताखालची मदतनीस. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या त्या वॉर्डात सेन्सर साफ करावेत तर तिनेच. हा सेन्सर म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी चकती. बाळाच्या छातीवर चिकटवायची. ती कातडी किंचित तापवते आणि सुई न टोचता रक्तातला प्राणवायू किती, कार्बन डायऑक्साइड किती ते पडद्यावर दाखवते. दर चार तासांनी ती काढायची, पुसायची आणि दुसऱ्या जागी लावायची, नाहीतर ओल्या कागदासारखी ती कातडी भाजते. चकतीच्या तोंडावर पारदर्शक पापुद्रा असतो. त्याच्यावर चिकटपणाचा थर बसला की सेन्सर अर्धवट बघू लागतो, आणि वाईट हे, की तो अर्धवट आकडासुद्धा पडद्यावर अगदी ठसठशीत दाखवतो.

एलिनोरचे वडील डेअरीत कामाला होते. धुतलेल्या दुधाच्या कॅनमध्ये डोके घालून ते वास घेत, आणि जरा शंका आली तर कॅन लेकीच्या हातात परत देत. सात वर्षांची एलिनोर तो पुन्हा घासायची. ती सवय गेली नाही. सेन्सर साफ करताना ती आधी त्याची वायर यंत्रातून काढायची, खिडकीपाशी जायची, भिंगाखाली चकती धरायची आणि स्पिरिटच्या फडक्याने कडेपासून मध्यापर्यंत पुसायची. तिला असेच शिकवले होते.

आणि तेच तिला नडले. वसंतात आलेले नवे यंत्र स्वतःच सफाईवर नजर ठेवी. ओले फडके लागले की तापलेला सेन्सर गार पडतो. यंत्राला ते कळते आणि पडद्यावर हिरवी खूण उमटते. वायरच काढून ठेवली तर बिचाऱ्या यंत्राला काय कळणार? ते पिवळी खूण दाखवी. म्हणजे जितक्या वेळा एलिनोरची वायर काढायची राहून गेली, तितकेच तिचे अकरा टक्के.

तिने हे येप्पेला सांगून पाहिले होते. येप्पे गुणवत्तेचा समन्वयक. गळ्यात पट्टा, पायात पांढरे शुभ्र बूट आणि आयुष्यात एकाही बाळाचा लंगोट बदललेला नाही.

"वायर काढू नकोस मग," तो म्हणाला.

"वायर लोंबत असली की मला चकतीची कड दिसत नाही."

"कड यंत्र बघतं, एलिनोर. तू यंत्राकडे बघ."

असल्या माणसाशी काय बोलायचे? तिने कपाळावर हात मारून घेतला नाही एवढेच.

बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्यांपैकी चौथ्या पेटीत सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मलेली एक मुलगी होती. नाव अजून ठरले नव्हते. तिची आई तेआ दिवसभर शेजारी बसून एकच मोजा विणत असे, विणून झाला की उसवत असे. पोरीच्या नाकात श्वासाला आधार देणारी नळी होती, आणि तीन दिवस सेन्सरवर कार्बन डायऑक्साइडचा आकडा इतका कमी, म्हणजे छान, येत होता की डॉक्टर विबेकेने तो आधार दोनदा कमी केला. कागदावर पोर झपाट्याने सुधारत होती. त्या तीन दिवसांत चौथ्या पेटीची सफाई एलिनोरच्या वाट्याला आली नव्हती, पण येता जाता पोरीचे लक्षण तिला ठीक दिसत नव्हते. फार निजून होती, आणि रंग राखेच्या बाजूला झुकलेला.

गुरुवारी दुपारी, पाळी बदलायच्या गडबडीत, एलिनोर चादरी घेऊन आत आली तेव्हा सिग्ने चौथ्या पेटीपाशी पाठमोरी उभी होती. तिने चकती काढली, तोंडाजवळ नेली आणि गरम खिरीवर मारतात तशी लांब फुंकर मारली. एक, दोन, तीन. टिंग! हिरवी खूण. चकती परत बाळाच्या छातीवर.

"हे काय केलंस?" एलिनोरने विचारले.

"सफाई," सिग्ने हसली. "अगं, सगळेच असं करतात. फडकं शोधा, वाळायची वाट बघा, कोण करत बसणार? गार झाल्याशी कारण. तूही फुंकर मार ना, तक्त्यात वर येशील."

काय हुशार माणसे! चकतीवर फुंकर मारायची आणि तक्त्यात धुतल्या तांदळासारखे स्वच्छ दिसायचे. पण एलिनोरही बोळ्याने दूध पीत नव्हती. सिग्ने गेल्यावर ती पडद्यासमोर बसली आणि मागचे तीन दिवस उलटे चाळत गेली. बाळाच्या छातीवरून चकती काढली की कार्बन डायऑक्साइडची रेषा खाली शून्याकडे जाते, कारण हवेत तो नसल्यातच जमा. इथे मात्र ती उतरता उतरता प्रत्येक हिरव्या खुणेआधी पुन्हा वर चढत होती. छोटीशी टेकडी. माणसाच्या श्वासाची टेकडी. सतरा खुणा, सतरा टेकड्या.

मग तिला दुसरी गोष्ट दिसली. सोमवारची टेकडी चारच्या आकड्यापर्यंत गेली होती. मंगळवारची तीन. आजची जेमतेम दोन. माणसे तीच, छात्या त्याच, फुंकरी त्याच. मग श्वास निम्मा कसा होईल? सेन्सर निम्मा बघत होता. आणि त्याच सेन्सरवर विश्वास ठेवून पोरीचा आधार काढत चालले होते.

ती तडक विबेकेकडे गेली. विबेके राईच्या पावावर मासळी पसरत होती.

"चार नंबरच्या टाचेतून रक्त घे. आकडा खोटा आहे."

"सकाळीच बघितला मी. हिरवी खूण होती," विबेके म्हणाली, आणि मग चुकचुकल्यासारखे करून, "एलिनोर, मनाला लावून घेऊ नकोस, पण सफाईबद्दल तू बोलावंस... तक्ता मीही वाचते."

एलिनोरचे कान लाल झाले. चौतीस वर्षांत तिचा इतका अपमान कुणी केला नव्हता, आणि तोही मासळी खाता खाता. तिला वाटले, जावे निघून. निस्तरू देत त्यांचे त्यांना. पण निस्तरावे लागणार होते ते त्या पोरीला. ती माघारी गेली, तीन दिवसांची रेषा छापून घेतली आणि कागद विबेकेच्या पावावरच ठेवला.

"या टेकड्या बघ. कुणाच्या आहेत?"

विबेकेने कागद उचलला. "बाळाचा... नाही. चकती तर काढलेली आहे इथे."

"नळीवर जगणारं बाळ फुंकर मारत नाही, विबेके. मोठ्या माणसाचा श्वास आहे हा, कॉफी प्यायलेल्या. आता सोमवार बघ आणि आजचा बघ."

विबेकेने दोन्हीकडे पाहिले. पाव तसाच टाकून ती उठली आणि वॉर्डात पळत गेली. टाचेतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइड सेन्सरच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला, म्हणजे पोरीचा श्वास पुरत नव्हता. आधार पुन्हा वाढवला. संध्याकाळपर्यंत पोरीचा रंग सुधारला आणि तिने बारीक रडून दाखवले.

तेआला कुणी काही सांगितले नाही. "थोडा बदल केलाय," एवढेच.

शुक्रवारी सकाळी येप्पेने सगळ्यांना जमवले. "आपण दोषी शोधत नाही, आपण शिकतो," तो म्हणाला, आणि सगळ्यांच्या माना हलल्या. तक्त्यात नवीन रकाना आला : 'मी फुंकर मारलेली नाही', पुढे खूण करायची. ती खूण खरी की खोटी हे कोण बघणार, असे कुणी विचारले नाही. एलिनोरचे अकरा टक्के तिथेच राहिले, कारण आकडे यंत्राकडून येतात, त्याला येप्पे तरी काय करणार!

दुपारी केक आले. एक नाही, नऊ. फुंकर मारणाऱ्या नऊ जणांनी प्रामाणिकपणे नऊ केक करून आणले होते. सफरचंदाचा, चॉकलेटचा, क्रीमचे तीन थर दिलेला. टेबल पुरेना. कुणाचा जास्त फुलला यावर पैज लागली, हसण्याने खोली दणाणली. सिग्नेचे डोळे जरा ओले होते. क्रीम खाल्ल्यावर तेही वाळले. घोळ संपला, सगळे धुऊन निघाले.

"घे ना, एलिनोर! किती लावून धरशील?" येप्पेने तिच्या हातात बशी दिली.

एलिनोरने बशी घेतली आणि ती तशीच चौथ्या पेटीपाशी नेली. तेआने मोजा खाली ठेवला.

"केवढा दंगा! कुणाचा वाढदिवस आहे?"

"वाढदिवस नाही," एलिनोर म्हणाली. "कामात चूक झाली की आम्ही केक आणतो."

"अगं बाई! आमच्या कारखान्यातही असंच." तेआ हसली. "काय चूक झाली?"

एलिनोरने खुर्ची ओढली, बशी तिच्या मांडीवर ठेवली, खिशातला घडी केलेला कागद उलगडला आणि पहिल्या टेकडीपासून सगळे सांगितले. सांगून झाल्यावर तेआ उठली, एका हातात कागद आणि एका हातात बशी घेऊन कॉफीच्या खोलीत गेली. हसणे मधेच थांबले.

"यातला माझ्या मुलीच्या वाटणीचा कुठला?" तिचा आवाज वॉर्डात स्वच्छ ऐकू आला.

चार तास होत आले होते. एलिनोरने पोरीच्या छातीवरची चकती सोडवली, वायर काढली, खिडकीपाशी जाऊन भिंगाखाली धरली आणि कडेपासून मध्यापर्यंत पुसली. यंत्राने पिवळी खूण दाखवली.